आधी एक्सल शाफ्ट, मग डिफ लॉक

पावसाळ्यात वेल्हे-मुळशीकडच्या कच्च्या वाटेवर फोर व्हील गाडी अडकते, तेव्हा दिसणारं चित्र बहुतेक एकच असतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जागच्या जागी गरगर फिरत असतं. उरलेल्या दोन चाकांखाली चांगला खडक असतो, पण ती ढिम्म उभी. लो गियर टाकलेला आहे, इंजिन जोर करतंय, आणि गाडी तसूभर हलत नाही. इंजिनात ताकद भरपूर असते, पण ती अधांतरी चाकांवाटे वाया जाते.

यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक. गॅरेजच्या बोलीत डिफ लॉक किंवा नुसता लॉकर. पैसे भरले की तो घरपोच येतो. पण लॉकर बसला की एक्सल शाफ्टवर येणारा भार बदलतो, आणि ते ध्यानात न घेता केलेलं काम एखाद्या अवघड चढावर शाफ्ट तोडून दाखवतं. म्हणून हे दोन सुटे भाग वेगवेगळे पाहू नयेत. क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे: शाफ्ट आधी ठरवायचा, लॉकर त्यानंतर.

उघडा डिफ काय करतो

वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकं एकाच सळईला जोडली तर एक टायर रस्त्यावर घासत जाईल. ते टाळण्यासाठी क्राऊनला बोल्टनं जोडलेल्या केजमध्ये स्टार गियर आणि दोन सन गियर असतात, आणि सन गियरच्या खाचांत दोन्हीकडचे शाफ्ट बसतात. या रचनेमुळे दोन चाकांचा वेग वेगळा राहू शकतो, मात्र पीळ, म्हणजे टॉर्क, दोघांना सारखाच मिळतो.

अडचण इथेच आहे. हवेत लटकलेलं चाक फिरवायला समजा ५० न्यूटन-मीटर पुरतात. मग खडकावरच्या चाकालाही तेवढेच ५० मिळतात, आणि तेवढ्यावर गाडी चढत नाही. पाय कितीही दाबला तरी मोकळं चाक जास्त वेगानं फिरेल, एवढंच. लॉकर हे गियर अडवून दोन्ही शाफ्ट केजशी एकजीव करतो. मग मोकळ्या चाकाला फिरायचं असेल तर दुसऱ्यालाही फिरावंच लागतं.

आपल्याकडच्या गाड्यांत काय येतं

फोर्स गुरखा ही कारखान्यातूनच पुढे आणि मागे, दोन्हीकडे चालकाच्या हातातले डिफ लॉक घेऊन येते. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या काही प्रकारांत मागच्या एक्सलला ईटनचा यांत्रिक लॉकर असतो. त्याला बटण नसतं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जाऊन तो स्वतःच आवळतो, आणि गाडीचा वेग साधारण ताशी ३० किलोमीटरच्या वर असेल तर तो आवळतच नाही. पुण्याजवळ रांजणगावला जुळणी होणाऱ्या जीप रँग्लरच्या रुबिकॉन प्रकारात दोन्ही एक्सलला विजेवर चालणारे लॉक आहेत.

मारुती जिप्सीत यातलं काहीही नाही, आणि जिम्नीत लॉकरऐवजी ब्रेकची युक्ती आहे: फिरणारं चाक ओळखून संगणक त्याच चाकाला ब्रेक लावतो, म्हणजे दुसऱ्याला पीळ मिळतो. ही युक्ती पुष्कळ ठिकाणी पुरते. पण ती चाक थोडं फिरल्यावरच जागी होते आणि लांबच्या चढावर ब्रेक तापवते. लॉकर बाहेरून आणून बसवायची गरज प्रामुख्यानं या दोन गाड्यांच्या आणि जुन्या जीपच्या मालकांना पडते.

कुठला लॉकर

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे स्टार-सन गियर वेल्डिंगनं जखडून टाकणं. फक्त चिखलातल्या शर्यतीसाठी ट्रकवर लादून नेण्याची गाडी असेल तर ते चालेल. नंबर प्लेट लावून घाटात फिरणाऱ्या गाडीत हे कुणीही करू नये.

दुसरा प्रकार स्वयंचलित, ज्यात मूळ केज तशीच ठेवून फक्त आतले गियर बदलून दातेरी तबकड्या बसवतात. क्राऊन-पिनियनच्या मापाला हात लागत नाही, त्यामुळे बसवणं सोपं. पण तो सतत आवळलेलाच असतो आणि वळणावर जोर कमी झाल्यावर सुटतो. ओल्या घाटात वळणाच्या मध्यात पाय उचलला किंवा दाबला की गाडीची चाल एकदम बदलते. आंबेनळी किंवा वरंधासारख्या घाटातून पावसाळ्यात जाणाऱ्या हलक्या, आखूड गाडीला मी हा प्रकार सुचवणार नाही.

तिसरा प्रकार चालकाच्या इच्छेवर चालणारा: हवेच्या दाबानं, विजेच्या चुंबकानं किंवा केबलनं. बटण दाबलं तर लॉक, नाही तर साधा डिफ. ऑस्ट्रेलियातल्या एआरबी कंपनीचा एअर लॉकर यात सर्वांत परिचित. रोजच्या वापराची गाडी असेल तर निवड इथेच करावी. पुढचं विवेचन मागच्या एक्सलला असा हवेवरचा लॉकर बसवण्याचं आहे, आणि एक्सल जिप्सीसारखा, म्हणजे डिफचा गोळा पुढच्या बाजूनं अखंड बाहेर निघणारा, असं धरलं आहे.

शाफ्टवर काय येतं

समजा इंजिन २०० न्यूटन-मीटर देतं. पहिला गियर ४ पट, लो रेंज अडीच पट, क्राऊन-पिनियन ४ पट. एकूण ४० पट, म्हणजे एक्सलपर्यंत ८,००० न्यूटन-मीटर. पुढे-मागे निम्मे वाटले तर मागच्या एक्सलला ४,००० येतात. उघड्या डिफमध्ये एका शाफ्टवर यातले जास्तीत जास्त २,००० येतील. लॉक लावलेला असताना एक चाक हवेत गेलं की सगळे ४,००० एकाच शाफ्टवर जाऊ शकतात, आणि पुढची चाकंही सुटली असतील तर त्याहून जास्त.

प्रत्यक्षात यावर एक मर्यादा असते, ती टायरची. ज्या चाकावर चढावर ९०० किलो भार आला आहे, त्याची खडकावरची पकड घर्षणांक ०.९ धरून आणि चाकाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर धरून सुमारे २,८६० न्यूटन-मीटरला सुटते. त्यापुढे टायर घसरतो आणि शाफ्ट वाचतो. आता हौसेनं मोठे टायर घालून त्रिज्या ४० सेंटिमीटर केली की हीच मर्यादा ३,१८० वर जाते. टायरची हवा कमी करून पकड वाढवली की आणखी वर. म्हणजे मोठा टायर, मऊ टायर आणि लॉकर या तिन्ही गोष्टी एकाच शाफ्टला पिळत असतात.

या आकड्यांत धक्का धरलेला नाही. सर्वाधिक शाफ्ट तुटतात ते वेगानं फिरणारं चाक अचानक खडकाला टेकून पकड घेतं त्या क्षणी. म्हणून लॉक आधी लावायचा, चाकं थांबलेली असताना, आणि मग सावकाश चढायचं. चाक फिरत असताना बटण दाबणं म्हणजे शाफ्ट तोडायला बोलावणं.

शाफ्ट निवडताना

मागच्या एक्सलचे शाफ्ट दोन घराण्यांचे. एकात चाक शाफ्टच्या चकतीलाच बोल्टनं लागतं. शाफ्ट गाडीचं वजनही पेलतो आणि पीळही देतो. जिप्सीचा मागचा एक्सल असाच आहे. असा शाफ्ट बाहेरच्या टोकाशी तुटला तर चाकच ड्रमसकट निघून येऊ शकतं. दुसऱ्यात हब स्वतंत्र नळीवर दोन बेअरिंगांवर फिरतो, वजन एक्सलची नळी पेलते आणि शाफ्टकडे फक्त पीळ राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा मागचा एक्सल या घराण्यातला: हबवरचे बोल्ट काढले की चाक न उचलता शाफ्ट हातात येतो. भारतात १९४७ पासून महिंद्रानं जीप जुळवायला सुरुवात केली, त्यामुळे ही विद्या आपल्या जुन्या मिस्त्रींना चांगली ठाऊक आहे.

ताकद जाडीच्या घनानं वाढते. शाफ्ट १० टक्के जाड केला तर पिळाला तो सुमारे ३३ टक्के जास्त टिकतो. डाना ४४ जातीच्या एक्सलमध्ये ३० खाचांचा शाफ्ट १.३१ इंचाचा आणि ३५ खाचांचा १.५ इंचाचा असतो. फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो, ताकद मात्र दीडपट होते. जाडी वाढवायला जागा नसेल तर धातू बदलायचा. कारखान्याचे शाफ्ट साधारण कार्बन पोलादाचे असतात, तर बाजारातले चांगले शाफ्ट ४३४० क्रोम-मॉली पोलादाचे, पाणी देऊन कठीण केलेले. चांगल्या शाफ्टची आणखी एक खूण म्हणजे त्याचा मधला दांडा खाचांच्या तळापेक्षा किंचित बारीक असतो, म्हणजे पीळ पूर्ण लांबीत वाटला जातो आणि खाचा सुरू होतात त्या एकाच जागी साठत नाही.

लॉकरची खरेदी खाचांच्या संख्येवर होते, कारण त्याच्या सन गियरमध्ये शाफ्ट बसायचा असतो. २६ खाचांचा लॉकर घेऊन ठेवला आणि नंतर जाड शाफ्ट घालावेसे वाटले तर दोन्ही पुन्हा विकत घ्यावे लागतात. खाचा कायम ठेवून फक्त चांगल्या पोलादाचे शाफ्ट घेतले तर मात्र जुने शाफ्ट गाडीत जादा म्हणून ठेवता येतात. भोवतालच्या गावांत सुटे भाग मिळत नाहीत अशा प्रवासात याचं मोल फार आहे. मागवण्याआधी जुना शाफ्ट काढून मोजाच: खाचा, दोन्ही बाजूंची वेगवेगळी लांबी, चकतीवरची बोल्टांची भोकं, बेअरिंगच्या बैठकीचा व्यास.

जुन्या शाफ्टच्या खाचा उजेडात धरून पाहाव्यात. त्या सरळ न राहता किंचित तिरक्या झाल्या असतील तर शाफ्ट तुटण्याच्या वाटेवर होता. नव्या शाफ्टवर लांबीभर रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवली की पुढच्या वेळी काढल्यावर ती वळलेली दिसते का, यावरून निर्णय करता येतो.

शाफ्ट अति मजबूत केला की तुटण्याची जागा सरकते, हेही विचारात घ्यावं. शाफ्ट हा एका अर्थी फ्यूज आहे. तो टिकला की पुढचा नंबर क्राऊन-पिनियनचा लागतो, आणि तो तुटला तर गाडी दोरीनं ओढूनच आणावी लागते. लहान एक्सलमध्ये मिळेल तो सर्वांत जाड शाफ्ट कोंबण्यापेक्षा टायर आवाक्यात ठेवणं शहाणपणाचं.

डिफ उघडण्याआधी

पुढच्या चाकांना दगड किंवा ठोकळे, चॅसिसखाली दोन्ही बाजूंना भक्कम घोड्या, हँडब्रेक सोडलेला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. ऑइल काढताना ड्रेन बोल्टच्या चुंबकाकडे पाहावं. करडा, लोण्यासारखा थर नेहमीचा असतो. धातूचे कण किंवा कपचे हाताला लागले तर आधी क्राऊन-पिनियन तपासायचे.

ड्रम काढून ब्रेकच्या पाठीमागच्या पत्र्याचे नट सोडले की शाफ्ट सरकत्या हातोड्यानं बाहेर येतो. तो सरळ रेषेत ओढावा, कारण खाचा ऑइल सीलवरून घासल्या की सील गेलंच समजा. प्रॉपेलर शाफ्टच्या जोडावर खूण करून तो सोडवायचा आणि मग डिफचा गोळा दोन माणसांनी उतरवायचा.

आता काम थांबवून मापं घ्यायची. क्राऊनच्या दातावर डायल गेज लावून पिनियन धरून ठेवायचा आणि क्राऊन मागे-पुढे हलवायचा. जेवढी मोकळीक दिसते तो बॅकलॅश. तो चार जागी मोजून लिहायचा. दातांना रंग लावून ठसा पाहायचा आणि त्याचा फोटो काढायचा. दोन्ही बेअरिंग कॅपवर पंचानं वेगवेगळ्या खुणा करायच्या, कारण त्या हाउसिंगसोबतच तासलेल्या असतात आणि अदलाबदल झाली तर बेअरिंग नीट बसत नाही. शिम किंवा आट्यांचे नट कुठल्या बाजूचे, हेही चिठ्ठी लावून ठेवायचं. घाईतल्या गॅरेजमध्ये हा अर्धा तास गाळला जातो, आणि नंतर डिफ रडतो तो याच अर्ध्या तासामुळे.

क्राऊन नव्या केजवर

क्राऊनचे बोल्ट आडवे-तिडवे क्रमानं सोडवून तो जुन्या केजवरून काढायचा. नव्या केजवर तो घट्ट बसतो, म्हणून साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत एकसारखा तापवला की हातानं सरकतो. हातोड्यानं ठोकून किंवा बोल्टनं एका बाजूनं ओढून बसवू नये, कारण बसकणीत केसाएवढा कचरा अडकला तरी क्राऊन डगमगत फिरतो. बोल्टचे आटे तेलमुक्त करून त्यावर आटे पकडणारं द्रव्य लावायचं आणि टॉर्क रेंचनं आडव्या-तिडव्या क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. जुने बोल्ट पुन्हा वापरण्यात बचत नाही.

केज बसल्यावर बेअरिंगचा दाब आणि बॅकलॅश. अशा आकाराच्या बहुतेक एक्सलमध्ये नव्या गियरसाठी बॅकलॅश ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आसपास असतो, पण अंतिम आकडा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलचा. क्राऊन-पिनियन जुनेच ठेवले असतील तर त्यांचा आधी लिहून ठेवलेला बॅकलॅश पुन्हा आणणं जास्त बरोबर, कारण दात त्या मापाला एकमेकांशी रुळलेले असतात. पिनियनला हात लावला नसेल तर त्याची खोली तीच राहते, ही मोठी सोय आहे. शेवटी पुन्हा रंग लावून ठसा पाहायचा आणि आधीच्या फोटोशी ताडायचा. ठसा दाताच्या टोकाला किंवा तळाला चढला असेल तर पुन्हा उघडायचं. दुसरा उपाय नाही.

हवेची वाट

एअर लॉकरमध्ये एका बेअरिंगजवळ सीलची कडी असते, आणि त्या कडीच्या रबरी रिंगांमधून हवा फिरत्या केजमध्ये शिरते. तिथपर्यंत हवा नेणारी तांब्याची बारीक नळी हाउसिंगला भोक पाडून बाहेर काढावी लागते. भोक ऑइलच्या पातळीच्या वर घ्यायचं, कडा गुळगुळीत करायच्या आणि धातूचा चुरा एकही कण न ठेवता काढायचा. नळी हलक्या हातानं वाकवून क्राऊनपासून लांब बांधायची आणि क्राऊन पूर्ण फिरवून ती कुठे लागत नाही, हे पाहायचं.

गोळा गाडीत चढवण्याआधी टेबलावरच सहा-सात बार हवा देऊन चाचणी घ्यावी. हवा दिल्यावर सन गियर केजबरोबरच फिरला पाहिजे, सोडल्यावर मोकळा झाला पाहिजे. मग हवेचा पुरवठा बंद करून पंधरा मिनिटं काटा पाहत बसावं. दाब उतरला तर गळती शोधायची वेळ तीच. पुढे कधी लॉक लावल्यावर एक्सलच्या ब्रीदरमधून ऑइल उडू लागलं, तर याच रबरी रिंगा गेल्या आहेत असं समजावं, कारण हवा हाउसिंगमध्ये शिरून ऑइल बाहेर ढकलत असते.

शाफ्ट पुन्हा आत

नवीन बेअरिंग, नवीन सील आणि बेअरिंग धरणारी नवीन रिंग, तिन्ही हवीत. ही रिंग दाबून बसवलेली असते आणि चाक जागेवर राहतं ते तिच्यामुळे, म्हणून एकदा काढलेली पुन्हा घालू नये. दाब रिंगवर समान पडेल अशी नळी वापरून हायड्रॉलिक प्रेसवरच बसवायची. शाफ्ट आत सरकवताना हातानं उचलून धरायचा, सीलच्या ओठावर त्याचं वजन पडू द्यायचं नाही. खाचा सन गियरमध्ये पूर्ण शिरल्या का, हे हाताला कळतं. अडला तर फिरवून पाहायचं, ठोकायचं नाही. ऑइल लॉकर बनवणाऱ्यानं सांगितलेलंच घालायचं.

पुढचा एक्सल

पुढे लॉकर लावण्याचा मोह सर्वांना होतो. जिप्सीच्या पुढच्या शाफ्टला टोकाशी गोळ्यांचा जोड असतो आणि चाक जितकं वळलेलं, तितका तो जोड कमजोर. पुढचा लॉक लावून स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं असताना पाय दाबला तर पहिला बळी त्याच जोडाचा जातो. शिवाय लॉक लावलेली पुढची चाकं सरळच जाऊ पाहतात, स्टिअरिंग जड होतं. माझं मत असं, की मागे चांगला लॉकर आणि चांगले शाफ्ट असताना पुढच्या लॉकरची गरज फार थोड्यांना असते. तोच पैसा जादा शाफ्ट, जादा जोड आणि विंचवर खर्च करावा.

ओढ्यातलं पाणी

चढ चढून तापलेला एक्सल थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत ओढते. ऑइल ताकासारखं पांढरट झालं की नवा लॉकर आणि बेअरिंग दोन्ही गंजायला लागतात. ब्रीदरला नळी जोडून तिचं टोक बॉनेटच्या उंचीला नेणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरलं जाणारं काम आहे. पाण्यातून गेलेल्या प्रत्येक सफरीनंतर फिलर बोल्ट उघडून ऑइलचा रंग पाहावा.

कायदा आणि वाट

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. लॉकरसोबत टायरचं माप किंवा गाडीची उंची बदलायची असेल तर आधी आरटीओत विचारावं, विमा कंपनीला कळवावं, आणि वॉरंटी चालू असेल तर ती जाऊ शकते हे धरून चालावं. आणि लॉकर लागला म्हणून कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या सड्यांवर गाडी घालू नये. जांभ्यावरची बोटभर माती आणि तिच्यातली फुलं एका टायरच्या खुणेनं वर्षानुवर्षं भरून येत नाहीत. लॉकरचा खरा उपयोग आधीच मळलेल्या वाटेवर चाक न फिरवता, वाट न उकरता जाण्यासाठी आहे.

गाडी ताब्यात घेताना

कोरड्या डांबरावर लॉक कधीही लावू नका, आणि पहिल्या सफरीनंतर ऑइल एकदा बदलून घ्या. गॅरेजमधून निघण्याआधी मिस्त्रींकडून चार गोष्टी कागदावर लिहून मागा: आधीचा आणि नंतरचा बॅकलॅश, वापरलेल्या शिमची जाडी, क्राऊनच्या बोल्टचा टॉर्क, आणि पंधरा मिनिटांनंतरचा हवेचा दाब. ज्यांनी हे मोजलं असेल ते आनंदानं लिहून देतील. ज्यांना हे आकडे सांगता येत नाहीत, त्यांच्याकडून गाडी घेऊन घाट उतरू नका.